लाल बोटीची पाठ

ऑर्बी टिडमोरचा दिवस पहाटे अडीचला सुरू व्हायचा. उठल्यावर पहिलं काम बोटांचं. दोन्ही हातांच्या बोटांना चिकटपट्टी, मनगटांना दुहेरी, त्यावर रबरी हातमोजे. मग उभ्या उभ्या मक्याचा पाव ताकात कुस्करून खायचा आणि डोंगरावरच्या कोंबड्यांच्या कारखान्याकडे ट्रक काढायचा.

कारखान्यात त्याचं काम टांगणीच्या खोलीत. तिथे मिणमिणता निळा दिवा असतो, कारण उजेडात कोंबड्या बिथरतात. पट्ट्यावरून जिवंत कोंबडी येते. तिच्या दोन्ही तंगड्या धरायच्या, तिला उलटी करायची आणि डोक्यावरून सरकणाऱ्या आकड्यात अडकवायची. ऐकायला सोपं आहे. पण कोंबडी गप्प राहून मरत नाही. ती पंखांनी तोंड फोडते, नख्या रबर फाडून कातडीत घुसवते, डोळ्यांत घाण उडवते. आमच्या डोंगरावर नवा गडी बहुधा जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतो आणि सुट्टीत जो जातो तो पगारालाही परत येत नाही. तंगडी जोरात धरली तर हाड मोडतं, सैल धरली तर पक्षी सुटतो. तेवढीच पकड पाहिजे, आणि ती दिवसभर पाहिजे. ऑर्बी मिसरूड फुटायच्या वयात तिथे उभा राहिला, तो केस पांढरे झाले तरी तिथेच होता. झोपेतसुद्धा त्याच्या मुठी अर्ध्या वळलेल्या असत.

मार त्याला नवा नव्हता. बाप, हॉइट टिडमोर, दारू न पिता मारायचा, म्हणून जास्त वाईट. जे हातात येईल त्याने. एकदा तलावावरून रिकाम्या हाताने परतला, मासा मिळाला नाही म्हणून, तर वल्ह्यानेच. ते वल्हं धाकट्या डेन्व्हरच्या डोक्याकडे येत होतं. ऑर्बी मध्ये शिरला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. ते वाकडंच जुळलं. बापाला मातीत घातलं त्या दिवशी ऑर्बीने मनाशी ठरवलं की आपल्या माणसावर हात उचलायचा नाही. त्याने कुणाला ते सांगितलं नाही. डेन्व्हरने मात्र बापाची मूठ घेतली होती, आणि तीही कुणी शिकवली नव्हती.

डेन्व्हर त्याच्याहून बराच धाकटा. खाली खोऱ्यात मोज्यांच्या गिरणीत यंत्रावर होता आणि शनिवारी बास मासे गळाने धरायच्या स्पर्धांत. लहानपणी त्याला ‘ब्रदर’ म्हणता येईना, तो ‘बबा’ म्हणायचा. आमच्याकडे निम्म्या थोरल्या भावांना हेच नाव पडतं. मासा कुठे दबा धरून असेल हे त्या पोराला पाण्याचा रंग बघून कळायचं. पण त्याला स्वतःची बोट नव्हती. दुसऱ्याच्या बोटीत मागच्या खुर्चीवर बसायचं म्हणजे पुढच्याने जिथे नेलं तिथे जायचं आणि पुढच्याने उष्टावलेल्या पाण्यात गळ टाकायचा. तसं करूनही तो जिंकायचा, आणि मग बोटी पाण्यात सोडायच्या सिमेंटच्या उतारावर पुढच्याशी मारामारी करायचा. एकदा दात पडला, एकदा दुसऱ्याचे दोन.

ऑर्बीला वाटे, या पोराला स्वतःच्या बोटीचं चाक मिळालं तर त्याच्या मुठीला काहीतरी काम मिळेल. बोट घ्यायची असं त्याने ठरवलं ते एवढ्याचसाठी. आणि ती अशी घ्यायची की ती पोराला मारणार नाही.

तो हिवाळा दोघांनी अंगणं पालथी घालण्यात काढला. अंगणात बोट उभी दिसली की ट्रक थांबवायचा. डेन्व्हर रंग बघायचा, खुर्च्या बघायचा, इंजिनावरचा आकडा बघायचा. ऑर्बी मागे जायचा. बासची बोट पळण्यासाठी केलेली असते आणि तिचं सगळं वजन, सगळी ओढ मागच्या भिंतीवर, म्हणजे तिच्या पाठीवर येते, कारण इंजिन तिथे टांगलेलं असतं. बाहेरून फायबर दिसतं, पण जुन्या बोटींत आत प्लायवुड असतं. कुणी एक स्क्रू मारतो, भोक बुजवत नाही, पाणी आत जातं आणि लाकूड वर्षानुवर्षं आतल्या आत कुजतं. वरून चकचकीत. मग एक दिवस भर वेगात पाठ फाटते आणि इंजिन तलावाच्या तळाला जातं.

ऑर्बीच्या जाकिटात रबरी हातोडा असे. बोटीच्या पाठीवर तो टप टप मारत जायचा, तसूभर जागा न सोडता. चांगलं लाकूड टणक बोलतं, कुजलेलं बद्द बोलतं. मग इंजिनाच्या खालच्या पायावर उभा राहून अंगाने झोके द्यायचा आणि पाठ लवते का बघायचा. गालिचा उचलून नाक खुपसायचा. इंजिनाच्या तेलाचा खालचा स्क्रू सैल करून थेंब बोटावर घ्यायचा. तेल दुधासारखं पांढुरकं असलं की पाणी शिरलं आहे. ट्रेलरचं चाक उचलून हाताने फिरवायचा आणि बेअरिंग खरखरतं का ऐकायचा. या सगळ्याला सकाळ जायची. विकणारे वैतागायचे. एकाने सरळ कुत्रा सोडला. ऑर्बीच्या पोटरीला चावा बसला, तरी ट्रकमध्ये बसताना तो म्हणाला, डाव्या कोपऱ्यात बद्द आहे, घ्यायची नाही.

ब्यूएल स्ट्राऊपच्या अंगणात ती लाल बोट होती. ब्यूएल जुन्या बोटी घेऊन रंगवून विकायचा आणि स्वतः नवी चालवायचा. लाल रंगात चमकी अशी घातलेली की ऊन पडलं की डोळे दिपायचे. डेन्व्हर तिच्याभोवती एक फेरी मारून गप्प झाला. तो गप्प झाला म्हणजे संपलं, हे ऑर्बीला माहीत होतं.

त्याने हातोडा काढला. वरच्या भागात टणक, मधेही टणक. खाली उजवीकडे, इंजिनाच्या बोल्टाजवळ, बद्द. त्याने नखाने रंग खरवडला. खाली गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी होती.

“झाली का तपासणी, डॉक्टरसाहेब?” ब्यूएल म्हणाला. “का तिला खोकायला सांगू?”

ऑर्बी म्हणाला की पाठ कुजली आहे आणि भोकं लांबीने लिंपली आहेत. ब्यूएलने हसून हात वर केले. डेन्व्हर हसला नाही. सबंध हिवाळा तो ‘नाही’ ऐकत आला होता. त्याने भावाला बाजूला ओढलं, काय हवंय तुला, असं विचारलं, आणि ऑर्बीने तोंड उघडायच्या आत ठोसा मारला. ऑर्बी ट्रेलरच्या दांडीवर आदळला. ओठ फाटला, रक्त लाल रंगावर उडालं आणि दिसलंसुद्धा नाही. दुसरा ठोसा बरगडीत बसला. ऑर्बीने हात उचलला नाही. तो उठला, रुमालाने बोटीवरचं रक्त पुसलं आणि ब्यूएलला म्हणाला, “कुजलेल्या बोटीच्या किमतीत देत असशील तर घेतो. लाकूड बदलता येतं.”

ही त्याची चूक म्हणावी तर म्हणता येईल. पण बाकी बोट सरळ होती. अंग खणखणीत, इंजिन तरुण, तेल स्वच्छ. आणि डेन्व्हरच्या डोळ्यांत तीच भरली होती.

पाठ बदलणं हे खाटकाचं काम आहे. ऑर्बीने इंजिन उतरवलं, आतल्या बाजूने फायबरची कातडी करवतीने कापून काढली आणि आतलं लाकूड छिन्नीने उपसायला लागला. ते काळं होतं, ओलं होतं आणि मेलेल्या जनावरासारखा वास मारत होतं. चांगल्या लाकडाचे तुकडे मात्र जीव गेला तरी सुटायचे नाहीत असे चिकटून होते. ते घाव घालून घालून तोडावे लागले. फायबरचा भुगा बोटांच्या पट्ट्यांखालच्या जखमांत जाऊन जळजळायचा. कारखान्यातून आला की शेडमध्ये. डेन्व्हर सुरुवातीला आला, शिव्या देत आला, पण राबला. मग स्पर्धांचा हंगाम जवळ आला तसा तो येईनासा झाला.

ऑर्बीने नवं प्लायवुड कापलं, थरावर थर रेझिनमध्ये भिजवून चिकटवले, शिकंजे आवळले आणि सुकू दिलं. घाई केली नाही. प्रत्येक भोक आधी मोठं पाडून रेझिनने भरलं, मग त्यातून पुन्हा बारीक भोक पाडलं, म्हणजे बोल्टाच्या वाटेने पाण्याला लाकूड सापडणार नाही. ट्रेलरची बेअरिंगं काढून नवी बसवली, ग्रीस ठासून भरलं. तळाच्या भोकाला नवं बूच. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या पात्यांवरच्या खाचा कानशीने घासून काढल्या. शेवटी हातोडा घेऊन पाठ ठोकली. सगळीकडे एकच आवाज. त्या दिवशी तो घरात शिरला तेव्हा शीळ घालत होता म्हणे.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. एक, लाल दोरी. तिचं एक टोक इंजिनाच्या खटक्याला असतं, दुसरं चालवणाऱ्याच्या अंगावरच्या तरंगत्या जाकिटाला अडकवायचं. माणूस फेकला गेला की दोरी खटका ओढते आणि इंजिन जागेवर मरतं. ऑर्बीने नवी आणून बसवली. पण आमच्या तलावावर ती दोरी कुणी अंगाला लावत नाही. लावली तर उतारावर भुंकून दाखवतात. कुत्र्याचा पट्टा म्हणतात तिला. दोरी चाकाच्या दांड्याला अडकवून ठेवायची, अशी रीत पडून गेली होती.

दुसरी गोष्ट स्टिअरिंगची तार. ती झिजली होती. चाक जरा फिरवलं तरी मागे इंजिन हलायचं नाही, आणि वेगात पंखा स्वतःच्या ओढीने चाक उजवीकडे खेचायचा. घट्ट धरलं तर ठीक. सोडलं तर बोट उजवीकडे अशी झटका देऊन वळणार की माणूस डावीकडून बाहेर. नवी तार मागवली होती, ती आली नव्हती.

जोड्यांची वसंतातली स्पर्धा शनिवारी होती. डेन्व्हरने दोघांची नावं देऊन टाकली होती. शुक्रवारी तो शेडमध्ये आला. ऑर्बीने तार दाखवली, चाक हलवून दाखवलं आणि म्हणाला की ही स्पर्धा सोडायची.

“दोन्ही हातांनी धरेन की,” डेन्व्हर म्हणाला.

“दिवसभर कुणी धरत नाही.”

“तू धरतोस ना कोंबड्या दिवसभर. बबा, तुला ती पाण्यात घालायचीच नाहीये. तुला ती ठोकत बसायचीये.”

ऑर्बी म्हणाला की निघायचंच असेल तर निदान दोरी अंगाला लाव. डेन्व्हर म्हणाला की पट्टा कुत्र्याला लावतात, आणि तोही आपल्या बापाने कधी लावला नव्हता. मग त्याने भिंतीवरचा पाना उचलला. ऑर्बी बोटीच्या पुढ्यात उभा राहिला. पाना त्याच्या जुन्या वाकड्या खांद्यावर बसला. तो खाली बसला, पण सरकला नाही. डेन्व्हर पाना टाकून निघून गेला, आणि ऑर्बीला वाटलं की आता नाही नेणार.

शनिवारी कारखान्याची जादा पाळी होती. ऑर्बी दुखऱ्या खांद्याने टांगत पाळी संपवून दुपारी घरी आला. शेड उघडी होती. ट्रेलर नव्हता. त्याने हातमोजेही न काढता ट्रक तसाच वळवला आणि तलावाकडे सोडला.

उतारावर मासे तोलायची वेळ झाली होती. बोटी तलावाच्या फाट्याच्या तोंडातून आत येत होत्या, माणसं धक्क्यावर जमली होती. ब्यूएल आपल्या नव्या बोटीत, इंजिन चालू ठेवून, धक्क्याला लागून बसला होता. ऑर्बीने लाल बोट पाहिली. ती सपाट पळत येत होती, नाक वर, मागे पाण्याची भिंत. एवढी सुरेख पळत होती की क्षणभर त्याला बरंच वाटलं. डेन्व्हर एकटा होता. त्याने ब्यूएलला पाहिलं, उभा राहिला आणि टाकीत मोठा मासा आहे हे दाखवायला एक हात चाकावरून उचलून वर केला.

बोट उजवीकडे वळली. वळली म्हणजे जागेवर मुरडली. डेन्व्हर डाव्या काठावरून असा उडाला जसं कुणी त्याला लाथ मारली असावी. पाण्यावर दोनदा आपटला आणि थांबला. जाकिटाने त्याला तरंगतं ठेवलं. बोट मात्र थांबली नाही. रिकामी, पूर्ण वेगात, गोल फिरून ती परत त्याच्याकडे आली.

पहिल्यांदा ती त्याच्या डोक्याजवळून गेली. जाकिटामुळे त्याला बुडी मारता येईना. तो दोन्ही हातांनी बकल ओढत होता. दुसऱ्या फेरीत ती त्याच्यावरून गेली. पंख्याचा आवाज क्षणभर बदलला. तो आवाज धक्क्यावरच्या प्रत्येकाने ऐकला. पाणी लाल झालं. बोट पुन्हा वळायला लागली.

ऑर्बी ब्यूएलच्या बोटीत उतरला आणि म्हणाला, तिला आडवं मारायला पाहिजे, चल. ब्यूएलने चाक धरूनच ठेवलं होतं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

“नवी आहे रे ही, ऑर्बी,” तो म्हणाला. “दोर आणू, दोर टाकू तिच्या पंख्यात.”

ऑर्बीने त्याची गचांडी धरली, मांडीत हात घातला आणि पट्ट्यावरच्या कोंबडीसारखं त्याला उलटं करून धक्क्यावर फेकलं. ब्यूएलची कवटी लाकडावर आपटली. जन्मात पहिल्यांदा ऑर्बीने माणसावर हात टाकला होता. मग चाकामागे बसून त्याने पहिली गोष्ट केली ती ही: त्या बोटीची लाल दोरी आपल्या कमरेच्या पट्ट्याला अडकवली. धक्क्यावरून कुणीतरी, सवयीनेच, भुंकलं. मग गप्प झालं.

लाल बोट कशी फिरते हे त्याने एका नजरेत घेतलं. बाजूने मारली तर ती घसरून डेन्व्हरवरच जाईल. मागून मारली तर इंजिन पाठीवरून निखळायला हवं, आणि ते निखळणार नाही, ती पाठ त्याने स्वतः बांधली होती. म्हणून इंजिनाचं डोकंच फोडायचं. त्याने थ्रॉटल पूर्ण ढकलला आणि लाल बोट जिथे होती तिथे नाही, ती जिथे येणार होती तिथे ब्यूएलची बोट नेली.

ब्यूएलच्या बोटीचं नाक लाल बोटीच्या मागच्या कोपऱ्यावर चढलं. फायबर फाटल्याचा आवाज झाला, इंजिनाचं झाकण उडालं, आतल्या लोखंडाने एकदा किंचाळून दम सोडला. ऑर्बी काचेवरून पुढे फेकला गेला. त्याच झटक्यात दोरी ताणली, खटका ओढला गेला आणि ब्यूएलचं इंजिन मेलं. तो पाण्यात पडला तेव्हा तलावावर कसलाच आवाज नव्हता.

त्याने पोहून भावाला गाठलं. डाव्या पायाचं गुडघ्याखालचं जे उरलं होतं ते पाय म्हणण्यासारखं नव्हतं. रक्त उसळ्या मारत येत होतं. ऑर्बीने मांडीत बोटं रुतवली, हाडापर्यंत, आणि आवळली.

“बबा,” डेन्व्हर म्हणाला, “बोट फुटली का?”

“गप्प राहा.”

“पाठ?”

ऑर्बीने पकड आणखी आवळली. लोकांनी दोघांना काठावर ओढलं, रुग्णवाहिका आली, डेन्व्हरची शुद्ध हरपली, तरी ती पकड सुटली नाही. रक्त थांबवायचा पट्टा आवळून झाल्यावर परिचारकाने सोडा म्हणून सांगितलं तेव्हा ऑर्बीला बोटं उघडता येईनात. दोन परिचारकांनी मिळून एकेक बोट सोडवलं. डॉक्टर नंतर म्हणाले की त्या हातांमुळे तो वाटेत मेला नाही. पाय मात्र ठेवता आला नाही.

लाल बोट ओढून काढली तेव्हा इंजिनाचा चुराडा झाला होता, एक काठ उभा चिरला होता. पाठीला तडा नव्हता. दोरी चाकाच्या दांड्याला अडकवलेली तशीच होती. ब्यूएल डोक्याला टाके घालून आला, ते सगळं पाहिलं, आपल्या बोटीचं फुटलेलं नाक पाहिलं, आणि ट्रेलर जोडून गेला. भरपाई त्याने कधी मागितली नाही. पुढच्या स्पर्धेत तो दोरी लावून उतरला असं ऐकलं. कुणी भुंकलं की तो डोक्यावरची टोपी काढून टाके दाखवायचा.

डेन्व्हर घरी आला आणि बापासारखा झाला. ताटं भिंतीवर, कुबडी खिडकीतून बाहेर. एकदा कुबडीने त्याने ऑर्बीच्या त्याच खांद्याला मारलं. ऑर्बीने ती कुबडी हातातून काढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. ठोसा नाही, शिवी नाही. “आता दुसरं काहीतरी लागेल,” एवढंच म्हणाला, आणि पहाटे अडीचला उठून बोटांना पट्ट्या गुंडाळायला बसला. त्या वर्षी जितक्या जादा पाळ्या निघाल्या त्या सगळ्या त्याने घेतल्या. लोकांना वाटलं दुसरं इंजिन घेणार.

बर्मिंगहॅमला नकली पाय करणारा एक शांत माणूस होता. त्याने पाय टेबलावर ठेवला, चामड्याचे पट्टे कसे आवळायचे, खोबणीत घाम साचू न देता ती रोज कशी पुसायची, सांध्याचे स्क्रू कधी तपासायचे ते सांगितलं. डेन्व्हर भिंतीकडे बघत होता. ऑर्बी ऐकत होता. सांगून झाल्यावर त्याने जाकिटातून रबरी हातोडा काढला आणि त्या पायावर टप टप मारत वरून खाली आला, तसूभर जागा न सोडता.

डेन्व्हरने मान वळवली. “कुठे बद्द आहे का रे, बबा?” तो म्हणाला.

ऑर्बीने सांध्याखाली परत एकदा ठोकलं आणि कान लावला.

“नाही,” तो म्हणाला. “घेऊ.”

आणि टांगणीच्या खोलीतल्या त्या वर्षाच्या कमाईतून त्याने भावाचा डावा पाय घेतला.